सार्कोमा पसरला म्हणजे वर्षभरच?
सार्कोमा म्हणजे हाडं, स्नायू, चरबी अशा ऊतींचा कर्करोग. "सार्कोमा फुप्फुसात गेला, आता फार तर वर्ष" हा समज जुन्या अभ्यासांतल्या, रुग्ण किती काळ जगले याच्या 12 ते 18 महिन्यांच्या मध्यकातून आला. पण मध्यक म्हणजे मुदत नव्हे. निम्मे रुग्ण त्यापुढे जगतात, काही तर बरीच वर्षं. शिवाय 50हून अधिक प्रकार एकाच आकड्यात कोंबायचे, हे मुळातच चूक. जठर-आतड्यांतल्या 'जिस्ट' या सार्कोमाचंच बघा: केमोथेरपी त्यावर जवळजवळ निरुपयोगी होती, 2000 नंतर इमॅटिनिबच्या गोळ्या आल्या आणि पसरलेल्या आजारातही मध्यक सुमारे 5 वर्षांवर गेला. फुप्फुसात मोजक्याच गाठी असतील, तर कधीकधी शस्त्रक्रियेने काढता येतात. अशा निवडक रुग्णांपैकी साधारण तिघांतला एक 5 वर्षांनंतरही हयात असतो. आजार गंभीरच आहे, आणि हे चांगले आकडे सगळ्यांना लागू होत नाहीत. म्हणून पॅथॉलॉजी रिपोर्टवर नेमका प्रकार कोणता, ते आधी विचारा.