आधी आकडे, मग क्रिया

‘सातातून तीन वजा कर.’ मराठीत क्रियापद शेवटी येतं; दोन्ही आकडे कानावर पडल्यावरच त्यांचं काय करायचं ते कळतं. एचपी-४८ या ग्राफिंग कॅल्क्युलेटरला हिशेब नेमका असाच सांगायचा असतो: ७, एंटर, ३ आणि मग वजाचं बटण. उत्तर ४. म्हणूनच ही रीत मराठी माणसाला परकी वाटू नये, असं मला मनापासून वाटतं.

तिचं नाव मात्र ‘उलटी पोलिश पद्धत’. यान वुकाशेविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञानं क्रियेचं चिन्ह आकड्यांच्या आधी लिहून कंसांची गरजच संपवली होती. इथे ते शेवटी येतं, म्हणून उलटी. ह्यूलेट-पॅकार्डनं १९७२ साली एचपी-३५ मधून ती लोकांच्या खिशात पोहोचवली.

आकडे ठेवले जातात ते स्टॅकमध्ये, म्हणजे चळतीत. शेवटी ठेवलेला आधी उचलायचा. एचपी-४८ च्या पडद्यावर ही चळत उलटी दिसते: नवा आकडा तळाच्या पहिल्या ओळीत येतो आणि जुने वर सरकतात.

(३ + ४) × (५ + ६), हे करून पाहू. ३, एंटर, ४, अधिक. तळाशी ७ उभा राहतो. तो कुठे टिपून ठेवायचा नाही. सरळ ५, एंटर, ६, अधिक. आता तळाशी ११ आणि त्याच्या डोक्यावर ७ तसाच थांबलेला. गुणाकाराचं बटण दाबलं की दोघे मिळून ७७. बटणं नऊच दाबली; कंसांनी केलं असतं तर बरोबरच्या चिन्हासकट बारा. पण खरा फायदा वेगळाच आहे: मधलं प्रत्येक उत्तर डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे चूक झाली तर तिथल्या तिथे सापडते.

एचपी-३५ ची चळत चारच घरांची होती. पाचवा आकडा आला की सर्वांत जुना हरवायचा. १९९० मध्ये आलेल्या एचपी-४८ ची चळत मेमरी पुरेल तितकी वाढते. शिवाय तिच्यात नुसते आकडेच नाहीत, मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे तक्ते, आणि बीजगणितातल्या राशीही ठेवता येतात. एक्सचा वर्ग ठेवा, त्यावर तीन एक्स ठेवा, वजा दाबा: दोन राशींची एक होते. तीच आलेखाला दिली की पडद्यावर ठिपक्याठिपक्यानं पॅराबोला, म्हणजे वाटीसारखा वक्र, उमटतो, आडव्या अक्षाला ० आणि ३ वर छेदत.