फुप्फुसांचा संसर्ग आणि मूत्रपिंडांना बसणारा फटका

फ्लू किंवा कोविड म्हटले की लक्ष जाते ते नाक, घसा आणि फुप्फुसांकडे. मात्र असा रुग्ण अतिदक्षता विभागात असेल, तर डॉक्टर ऑक्सिजनच्या पातळीइतक्याच बारकाईने त्याच्या लघवीचे प्रमाण मोजत असतात, कारण श्वसनमार्गाचा विषाणूसंसर्ग गंभीर झाला की मूत्रपिंडांचे काम काही तासांत किंवा दिवसांत मंदावू शकते.

विषाणू थेट मूत्रपिंडात शिरून ते निकामी करतो, असा समज होणे स्वाभाविक आहे. कोविडच्या साथीत त्याला आधारही मिळाला, कारण हा विषाणू ज्या एसीई-२ या प्रथिनाला चिकटून पेशीत प्रवेश करतो, ते मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींवर मुबलक असते. काही मृतांच्या मूत्रपिंडांत विषाणूचे अंश सापडलेही. तरीही ऊतींच्या तपासणीत बहुतांशी दिसली ती नलिकांच्या पेशींची इजा, जी रक्तपुरवठा तुटपुंजा पडल्यावर इतर गंभीर आजारांतही दिसते. म्हणूनच विषाणूपेक्षा आजारपणात शरीराची जी अवस्था होते, ती येथे अधिक महत्त्वाची ठरते.

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो आणि त्यातून दिवसाला अंदाजे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील ९९ टक्के द्रव नलिका परत शोषून घेतात. या कामाला भरपूर ऊर्जा लागते, आणि मूत्रपिंडाच्या आतील भागाला तर निरोगी अवस्थेतही ऑक्सिजन जेमतेमच मिळतो. अशा वेळी ताप, घाम, उलट्या आणि अन्नपाण्यावरची वासना उडणे यांमुळे शरीरातील पाणी कमी झाले, त्यात न्यूमोनियामुळे रक्तातील ऑक्सिजन घटला आणि दाहामुळे रक्तदाब उतरला, तर पहिला फटका याच नलिकांना बसतो. कृत्रिम श्वसनयंत्राच्या दाबामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, ही त्यात आणखी एक भर. फ्लूमध्ये क्वचित स्नायूंचा इतका ऱ्हास होतो की त्यांतून सुटलेले मायोग्लोबिन हे प्रथिन नलिकांना इजा करते. तेव्हा लघवी गडद तपकिरी दिसते.

औषधांचा भाग मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलेच एक रसायन तयार होऊ देत नाहीत, आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाकडे येणारी सूक्ष्म रक्तवाहिनी उघडी ठेवण्याचे काम नेमके तेच करत असते. निरोगी तरुणाला दोन-चार गोळ्यांनी सहसा काही होत नाही. परंतु रक्तदाबाची काही औषधे आणि लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू असलेल्या वयस्क व्यक्तीने अंगदुखीसाठी असे वेदनाशामक घेतले, तर तिन्हींचा परिणाम एकत्र येतो. अशा व्यक्तींना तापासाठी योग्य मात्रेतील पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित असते. नेहमीची औषधे काही दिवस थांबवायची की नाही, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

काही आजारांत संसर्ग किरकोळ असतो आणि तरीही मूत्रपिंडाचा त्रास उफाळतो. १९६८ मध्ये फ्रान्समधील बर्जे आणि ऑंग्ले यांनी वर्णन केलेल्या आयजीए नेफ्रोपॅथीत, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्यांत आयजीए हे प्रतिपिंड साचण्याच्या आजारात, साध्या सर्दी-घशाच्या दुखण्याबरोबर एक-दोन दिवसांतच लघवीतून रक्त जाऊ शकते. नेफ्रोटिक सिंड्रोम असलेल्या मुलांमध्येही सर्दीनंतर लघवीतून प्रथिने जाणे आणि चेहऱ्यावर सूज येणे पुन्हा सुरू होते, हे त्यांच्या पालकांना अनुभवाने ठाऊक असते.

मूत्रपिंडांच्या इजेला वेदना नसतात, त्यामुळे ती ओळखायची ती लघवीचे घटलेले प्रमाण, पायांवरची सूज आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो एक टाकाऊ पदार्थ) यांवरून. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर जरी वाढले, तरी ती तीव्र इजा मानली जाते. बहुतेकांची मूत्रपिंडे सावरतात, काहींना तात्पुरते डायलिसिस लागते. मात्र सावरलेल्यांमध्येही पुढे दीर्घकालीन आजाराचा धोका वाढलेला राहतो, म्हणून साधारण तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने पुन्हा तपासण्याचा सल्ला दिला जातो.