फिटचं औषध नसांच्या दुखण्यावर: डोसच्या नियमांमागचा इतिहास

तळपायांची जळजळ, मुंग्या, नागीण बरी झाल्यावरही मागे राहिलेली आग, अशा तक्रारींवर पुण्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये रोज प्रीगाबालिन नाहीतर गॅबापेंटिन दिलं जातं. घरी कुणीतरी मोबाइलवर नाव शोधतं आणि विचारतं, ‘आईला कधी फिट आलीये? मग तिला फिटचं औषध का दिलं?’ आणि गोळी त्या दिवशीच बंद होते. डॉक्टरांना कळतं ते पुढच्या तपासणीला. ही औषधं मनाने वाढवणं जितकं धोक्याचं, तितकंच मनाने थांबवणंही. हे कशामुळे ठरलं, ते पाहायला बरंच मागे जावं लागतं.

फिटवरचं पहिलं खऱ्या अर्थाने उपयोगी पडलेलं औषध म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइड. 1857 मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी त्याचा गुण सांगितला. झटके कमी व्हायचे, पण ब्रोमाइड शरीरातून फार हळू बाहेर पडतं. रोजची मात्रा साठत जायची आणि माणूस सुस्त, गोंधळलेला दिसायचा, अंगावर पुरळ यायचे. 1912 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटल वापरून पाहिलं. आपल्याकडे गार्डिनल म्हणून ओळखली जाते ती हीच गोळी. स्वस्त असल्याने ती आजही टिकून आहे. ती अचानक थांबवली की झटके उसळून येतात. पाच मिनिटांत न थांबणारी फिट ही जिवावरची वेळ असते. तेव्हा कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात एक मिनिटही घालवू नये. रुग्णाला कुशीवर वळवून सरळ दवाखाना गाठावा.

फेनिटॉइनचा इतिहास सगळ्यात जास्त शिकवणारा आहे. हा पदार्थ 1908 मध्येच तयार झाला होता. तो फिटवर चालतो, आणि फेनोबार्बिटलइतकी झोपही आणत नाही, हे 1938 मध्ये मेरिट आणि पुटनम या अमेरिकी डॉक्टरांनी दाखवलं. पण त्याच्या हिशोबात एक मेख आहे. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रविवारी संध्याकाळी काय होतं ते पुणेकरांना ठाऊक आहे: खिडक्या तेवढ्याच, त्या भरल्या की पुढची थोडी वाहनंसुद्धा लांबच लांब रांग लावतात. यकृतातली फेनिटॉइन मोडणारी यंत्रणा अशीच मर्यादित आहे. ती भरत आली की 300 मिलिग्रॅमवरून 350 वर जाण्यानेही रक्तातली पातळी भलतीच चढू शकते. डोळे थरथरतात, चाल झोकांडते, बोलणं जड होतं. रक्तात 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही नेहमीची योग्य पातळी. म्हणून ‘अर्धी गोळी जास्त घेतली तर काय बिघडतं?’ या प्रश्नाचं फेनिटॉइनपुरतं उत्तर ‘पुष्कळ’ असंच आहे.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन इथे 1968 च्या सुमारास फेनिटॉइन घेणाऱ्या अनेकांना एकाएकी विषबाधेची लक्षणं दिसू लागली. कुणीही डोस वाढवला नव्हता. शोध घेतल्यावर कळलं की कॅप्सूलमध्ये भर म्हणून घातलं जाणारं कॅल्शियम सल्फेट बदलून तिथे लॅक्टोज आलं होतं. औषध तेवढंच, पण आता ते आतड्यातून जास्त शोषलं जात होतं. फिट आटोक्यात असलेल्या रुग्णाची कंपनी डॉक्टरांना न विचारता बदलू नये, हा आग्रह अशा अनुभवांतून आला आहे. आपल्याकडे तर कात्रीने कापलेली अर्धी स्ट्रिप हातात पडते. मागे नावाची शेवटची दोन अक्षरं उरतात, कधी मिलिग्रॅमचा आकडाच कापला गेलेला असतो. फिटच्या गोळ्यांची अख्खी स्ट्रिप मागून घ्यावी, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

ही औषधं दुखण्याकडे वळली ती चेहऱ्याच्या नसेमुळे. दात घासताना, वाऱ्याची झुळूक लागताना गालात वीज चमकावी तशी कळ येते, ते ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. ही कळ फिटसारखीच अचानक येते आणि जाते, हे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या त्रूसो यांच्या लक्षात आलं होतं. 1942 मध्ये बेर्गुइन्याँ यांनी तिच्यावर फेनिटॉइन दिलं, आणि 1962 मध्ये स्वीडनच्या ब्लोम यांनी कार्बामाझेपिनचा गुण नोंदवला. अमेरिकेत कार्बामाझेपिनला परवानगी मिळाली ती आधी याच दुखण्यासाठी, 1968 मध्ये. फिटसाठी ती 1974 मध्ये मिळाली. ‘फिटचं औषध’ हा शिक्का किती अपुरा आहे, ते एवढ्यावरून कळावं.

दुखण्यासाठी कार्बामाझेपिन साधारण 100 मिलिग्रॅम दोनदा असं सुरू करून हळूहळू चढवतात. पहिल्या काही आठवड्यांत शरीर ते अधिकाधिक वेगाने मोडू लागतं, त्यामुळे डोस पुन्हा जुळवावा लागतो. वयस्कांमध्ये रक्तातलं सोडियम उतरू शकतं. अंगावर पुरळ आले, तोंड आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. टीबीची औषधं चालू असतील तर ते आवर्जून सांगायचं: आयसोनियाझिड फेनिटॉइनची पातळी चढवतं, रिफॅम्पिसिन उतरवतं. आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट हे फिटवरचं औषध देताना गर्भातल्या व्यंगांचा धोका स्पष्ट सांगायलाच हवा. लग्न ठरतंय म्हणून तिचा आजार आणि गोळ्या लपवणाऱ्या घरांत हे बोलणंच होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गॅबापेंटिन अमेरिकेत 1993 मध्ये फिटसाठी आलं आणि 2002 मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठी मंजूर झालं. मंजुरी नसलेल्या आजारांसाठी त्याचा प्रचार केल्याचा गुन्हा वॉर्नर-लॅम्बर्ट या औषध कंपनीने 2004 मध्ये कबूल केला आणि प्रकरण 43 कोटी डॉलरवर मिटलं. कुठल्याही दुखण्यावर ही गोळी लिहिण्याची सवय या प्रचाराने वाढवली. शिवाय डोस वाढवला तरी त्या प्रमाणात ते शोषलं जात नाही: दिवसाला 900 मिलिग्रॅम असताना सुमारे 60 टक्के, 3600 असताना जेमतेम 33 टक्के.

2004 मध्ये आलेलं प्रीगाबालिन मात्र जवळजवळ सगळं शोषलं जातं आणि जवळजवळ सगळं मूत्रपिंडावाटे जातं. म्हणजे डोस ठरवायचा तो मूत्रपिंडाकडे पाहून. ज्यांचे पाय मधुमेहाने जळतात, त्यांतल्या अनेकांची मूत्रपिंडंही त्याच मधुमेहाने थकलेली असतात. 78 वर्षांच्या, 45 किलो वजनाच्या आजींचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.2 आलं तर रिपोर्टवर फारसं काही वाटत नाही. पण वय आणि वजन धरून हिशोब केला तर त्यांची मूत्रपिंडं मिनिटाला जेमतेम 27 मिलिलिटर रक्त गाळतात. निरोगी मूत्रपिंडाला दिवसाची कमाल मर्यादा 600 मिलिग्रॅम असली तरी या आजींसाठी ती 150 आहे. त्यात झोपेची गोळी किंवा ट्रामाडॉल हे वेदनाशामक असेल तर श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2019 मध्ये तशी ताकीदच दिली आहे. थांबवायचं झालं तरी किमान एक आठवडा घेऊन, टप्प्याटप्प्याने. डॉक्टरांकडे जाताना क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, आणि आजींचं वजन त्याच दिवशी करून घ्यावं.