पूर्ण पैसे देऊन घेतलेला गेम आणि गेमर्सचा राग: हे सुरू कुठून झालं

फुल प्राइस गेममध्ये परत पैसे मागितले की गेमर्स एवढे का भडकतात हे समजायचं असेल तर २००६ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये बेथेस्डा या गेम कंपनीने आपल्या ऑब्लिव्हियन या गेमसाठी घोड्याचं चिलखत विकायला काढलं, एक्सबॉक्सवर अडीच डॉलरला. लोक जाम चिडले, कारण तोवर एक्स्पान्शनला, म्हणजे गेमला जोडायच्या मोठ्या नव्या भागाला, पैसे मोजले तर कित्येक तासांचा नवीन खेळ मिळायचा आणि इथे नुसता घोडा सजवायचा होता. पण ते चिलखत विकलंही गेलं, आणि कंपन्यांनी तेवढंच लक्षात ठेवलं.

२००९ ला ईए कंपनीच्या फिफा या फुटबॉल गेममध्ये अल्टिमेट टीम आलं, म्हणजे प्लेयर्स गोळा करून आपली टीम बनवायची. पॅक उघडायचा, आत कोणता प्लेयर निघेल ते नशीब. माझ्या मते खरा बदल इथे झाला, चिलखत घेताना निदान काय मिळणार हे तरी माहीत होतं. पुढे २०१६ ला ओव्हरवॉच या गेममध्ये लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असलेले डबे, होते पण त्यात स्किन्स (कॅरेक्टरचे वेगळे पोशाख), इमोट्स (हावभाव) असलंच काही, त्याने कोणी जास्त पॉवरफुल होत नव्हतं म्हणून बऱ्याच जणांनी ते चालवून घेतलं. दिसण्यासाठी पैसे घ्या पण जिंकण्यासाठी नको, एवढीच अपेक्षा उरली होती.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ईएच्याच स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ ने तीही मोडली. क्रेट्समधून (हेही लूट बॉक्सच, खऱ्या पैशांनीही घेता येणारे) मिळणाऱ्या स्टार कार्ड्सनी थेट ताकद वाढायची, आणि डार्थ व्हेडर हा स्टार वॉर्समधला प्रसिद्ध व्हिलन अनलॉक करायला ६०,००० क्रेडिट्स (खेळून मिळणारे गेममधले पैसे), म्हणजे एका प्लेयरने हिशोब मांडला तसं जवळपास ४० तास खेळायचं. ८० डॉलर भरूनही व्हेडर लॉक का, असं रेडिट या चर्चेच्या साइटवर एकाने विचारलं तर ईएकडून उत्तर आलं की हिरो अनलॉक केल्याचा अभिमान वाटावा म्हणून. त्या उत्तराला साडेसहा लाखांच्या वर डाउनव्होट (नापसंतीची मतं) पडले, गिनीजमध्ये नोंद झाली. लोकांनी खेळायला राखून ठेवलेला वेळ मुद्दाम लांबवून तोच परत त्यांना विकायचा, हे मला आजही चीड आणणारं वाटतं. हिरोंची क्रेडिट्समधली किंमत ७५ टक्क्यांनी उतरवली तरी राग शमला नाही, शेवटी रिलीजच्या आदल्या दिवशी खऱ्या पैशांची खरेदीच बंद केली, आणि मार्च २०१८ मध्ये जाहीर केलं की ती परत आली तरी पैशांनी फक्त दिसणं बदलता येईल.

तोवर विषय सरकारांपर्यंत गेला होता. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने फिफा १८, ओव्हरवॉच आणि सीएस:गो (काउंटर-स्ट्राइक हा शूटिंग गेम) मधले लूट बॉक्स जुगारात धरले, आणि जानेवारी २०१९ मध्ये ईएने तिथे फिफा पॉइंट्स, म्हणजे पॅक घ्यायला लागणारे पॉइंट्स, विकणं थांबवलं.