प्रायोगिक रॉक संगीत व त्याचे श्रवण

प्रायोगिक रॉक संगीत : (अवाँ-गार्द रॉक). विजेवर चालणारी वाद्ये, ध्वनिवर्धन आणि ध्वनिमुद्रण ही रॉक संगीताची साधने कायम ठेवून त्यातील गीतरचना, ताल, सुरावट आणि ध्वनीचा पोत यांविषयीचे संकेत जाणीवपूर्वक ताणणारे वा मोडणारे संगीत. ही एक शैली नव्हे. या नावाखाली येणाऱ्या दोन समकालीन वाद्यवृंदांत कानाला जाणवणारे साम्य जवळजवळ नसते, असेही घडते. त्यांना एकत्र आणते ती श्रोत्याकडून केलेली मागणी. मुखडा, कडवे आणि पुन्हा मुखडा ही अपेक्षा बाजूला ठेवून त्या त्या कृतीचा नियम ऐकता ऐकताच शोधावा लागतो. त्यामुळे या संगीताचा इतिहास आणि त्याच्या श्रवणाचा इतिहास वेगळे काढता येत नाहीत.

उगम : याबाबत प्रामुख्याने तीन मते मांडली जातात. पहिल्या मतानुसार मूळ ध्वनिमुद्रणकक्षात आहे. प्येर शेफेर यांनी १९४८ मध्ये पॅरिस येथे नभोवाणीच्या साधनांनी मुद्रित ध्वनींचे तुकडे जोडून ‘म्युझिक काँक्रेत’ची पहिली प्रात्यक्षिके केली. ध्वनिफितीची वेटोळी एकाच वेळी फिरवून तयार केलेले बीटल्सचे ‘टुमॉरो नेव्हर नोज’ (१९६६) हे त्या तंत्राचे रॉकमधील आगमन मानतात. दुसरे मत रचनाकारांचे : फ्रँक झॅपा हे आधुनिक रचनाकार एदगार व्हारेझ यांच्या संगीताचे निस्सीम चाहते होते. त्यांच्या मदर्स ऑफ इन्व्हेन्शनची ‘फ्रीक आउट!’ (जून १९६६) ही दोन तबकड्यांची पदार्पणाची ध्वनिमुद्रिका आरंभबिंदू धरली जाते. तिसरे मत न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंडकडे बोट दाखवते.

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका मार्च १९६७ मध्ये बाजारात आली, म्हणून जुन्या कालपटांत ती तिसऱ्या क्रमांकावर दिसते. परंतु तिचा मोठा भाग १९६६ च्या एप्रिलमध्ये मुद्रित झाला होता. ‘टुमॉरो नेव्हर नोज’चे मुद्रण त्याच महिन्यात सुरू झाले आणि ‘फ्रीक आउट!’चे त्याच्या आदल्या महिन्यात. म्हणजे तिन्ही कृती काही आठवड्यांच्या अंतराने आकाराला आल्या, आणि प्रकाशनाच्या तारखांवरून अग्रक्रम ठरवणे फारसे अर्थपूर्ण राहत नाही. टॉम विल्सन हे निर्माते झॅपांच्या ध्वनिमुद्रिकेशी जोडलेले होते, तसेच व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या मुद्रणाशीही. या दुव्याची दखल अनेक इतिहासांत अपुरी घेतली गेली आहे.

तरीही पद्धतीच्या दृष्टीने तिसरे मत अधिक सयुक्तिक ठरते. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडमध्ये व्हायोला वाजवणारे, वेल्समधून आलेले जॉन केल हे सप्टेंबर १९६३ मध्ये प्रायोगिक रचनाकार जॉन केज यांनी न्यूयॉर्कमध्ये घडवून आणलेल्या एरिक साती यांच्या ‘व्हेक्साशिआँ’च्या प्रयोगातील पियानोवादकांपैकी एक होते. एकच लहानसा तुकडा ८४० वेळा वाजवण्याचा तो प्रयोग १८ तासांहून अधिक चालला. पुढे केल रचनाकार ला माँट यंग यांच्या वाद्यवृंदात सामील झाले. तेथे एखादा स्वर दीर्घकाळ धरून त्याच्या अंतर्गत श्रुतींकडे लक्ष देण्याचा अभ्यास चाले. धरलेल्या आधारस्वराचे हे तत्त्व पाहून त्याचा संबंध तंबोऱ्याशी जोडण्याचा मोह होतो. यंग किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले हेही खरे, पण ते १९७० मध्ये. केल यांनी तोवर यंग यांची साथ सोडून बरीच वर्षे झाली होती, त्यामुळे व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या संदर्भात प्राणनाथांचे नाव घेणे कालक्रमात बसत नाही. केल यांनी व्हायोलाची घोडी सपाट केली आणि त्यावर गिटारच्या तारा चढवल्या. त्यामुळे तीन-चार तारा एकदम घासता येत व स्वरांचा अखंड पडदा उभा राही. वाद्यवृंदाच्या ढोलवादक मॉरीन टकर उभ्याने ढोल वाजवीत आणि झांजा शक्यतो टाळीत. बीटल्स व झॅपा यांच्या वरील कृतींत प्रयोग गाण्यावर चढवलेला आहे असे म्हणता येते. येथे तो ठेक्याच्या आणि स्वराच्या मुळाशी गेला. ‘सिस्टर रे’ (१९६८) ही १७ मिनिटांहून दीर्घ, एकाच दमात मुद्रित झालेली आणि बास गिटार नसलेली रचना हे त्याचे टोक होय.

‘ट्राउट मास्क रेप्लिका’चा वाद : डॉन व्हॅन व्लीट ऊर्फ कॅप्टन बीफहार्ट यांची झॅपा-निर्मित ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ (१९६९) ही २८ तुकड्यांची ध्वनिमुद्रिका या परंपरेतील सर्वांत चर्चित कृती आहे. प्रथम ऐकताना प्रत्येक वादक दुसऱ्याकडे लक्ष न देता वाजवत आहे असे वाटते. हे सर्व संगीत आपण पियानोवर बसून सुमारे साडेआठ तासांत रचले, असे बीफहार्ट मुलाखतींत सांगत. वादकांच्या आठवणी मात्र निराळ्या आहेत. बीफहार्ट यांना रूढ अर्थाने पियानो येत नव्हता. ते सुचतील ते तुकडे वाजवीत, ढोलवादक जॉन फ्रेंच ते स्वरलेखनात उतरवून वादकांना वाटून देत, आणि लॉस एंजेलिसजवळच्या एका भाड्याच्या घरात वाद्यवृंदाने त्यांचा सुमारे आठ महिने कसून सराव केला. वाद्यांचे बहुतेक मुद्रण एका सत्रात काही तासांत आटोपले, ते या तयारीमुळेच. फ्रेंच यांचे नाव मूळ वेष्टनावर छापलेले नव्हते. अलीकडचे अभ्यासक वादकांच्या बाजूने झुकतात, आणि संगीताचा अंतर्गत पुरावाही त्यांच्याच बाजूचा आहे : तेच तुकडे प्रत्यक्ष मैफलींत जवळपास तसेच वाजवले गेले. ते उत्स्फूर्त असते तर हे शक्य नव्हते.

श्रोत्यासाठी हा वाद केवळ श्रेयाचा नाही. येथे प्रत्येक वाद्याचे आवर्तन वेगळ्या लांबीचे असते. समजा एका गिटारचा तुकडा सात मात्रांचा आणि ढोलाचा चार मात्रांचा असेल, तर दोघांची सम २८ मात्रांनी एकत्र येईल. तिसरे वाद्य पाच मात्रांचे असेल, तर १४० मात्रांनी. कित्येकदा ती येण्याआधीच तुकडा संपतो किंवा सगळे मिळून नव्या तुकड्यात उडी घेतात. त्या उड्या अचूक एकत्र पडतात हे एकदा ध्यानात आले की गोंधळ वाटणारा भाग उलगडू लागतो. एका वेळी एकच वाद्य धरून तुकडा ऐकावा, मग दुसरे. गायनाचे तसे नाही. बीफहार्ट यांनी कानाला हेडफोन न लावता, काचेपलीकडून झिरपणाऱ्या आवाजावर विसंबून गाणी म्हटली, म्हणून शब्द ठेक्याशी सैल राहिले. तेथे गणित शोधू नये.

जर्मनी व पुनरावृत्ती : पश्चिम जर्मनीत १९७० च्या सुमारास जे घडले त्याला ब्रिटिश वृत्तपत्रांनी ‘क्राउटरॉक’ हे काहीसे हेटाळणीचे नाव दिले आणि तेच टिकले. कोलोन येथील कॅन (स्थापना १९६८) या वाद्यवृंदाचे होल्गर चुकाई व इर्मिन श्मिट हे रचनाकार कार्लहाइन्त्स श्टॉकहाउझेन यांचे विद्यार्थी, तर ढोलवादक याकी लिबेत्साइट मुक्त जॅझमधून आलेले. तासन्‌तास वाजवून मुद्रण करायचे आणि चुकाई यांनी फिती कापून-जोडून त्यांतून रचना काढायची, ही त्यांची रीत. ‘टागो मागो’ (१९७१) तिचे उत्तम उदाहरण होय. ड्युसेलडॉर्फच्या नॉय! या जोडगोळीने (क्लाउस डिंगर, मिखाएल रोटर) चार मात्रांचा, जवळजवळ अलंकारविरहित आणि न थांबणारा ठेका रूढ केला. ध्वनिअभियंता कॉनी प्लांक यांचा वाटा त्यात मोठा आहे. नॉय!च्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेची (१९७३) मागची बाजू त्यांच्याच आधीच्या छोट्या तबकडीवरील गाणी कमी-जास्त गतीने फिरवून भरलेली आहे. पैसे संपल्यामुळे हे करावे लागले की ती मुळातलीच कल्पना होती, याविषयी मतभेद आहेत. दोन्ही कारणे एकत्र असणे अशक्य नाही.

नव्या श्रोत्याने येथूनच सुरुवात करावी, असे या नोंदीचे मत आहे. बहुतेक सूचिकार काळाच्या क्रमाने ऐकण्यास सांगतात, आणि मग श्रोता दुसऱ्याच पायरीवर बीफहार्टला धडकून मागे फिरतो. कॅन आणि नॉय! यांचा ठेका पहिल्याच ऐकण्यात समजतो. पुढे काय होणार ही उत्सुकता तो फार लवकर शमवतो, आणि मोकळे झालेले लक्ष आपोआप पोताकडे, गिटारच्या वळणांकडे, दोन आवर्तनांतील सूक्ष्म फरकांकडे जाते. ही सवय लागली की ‘सिस्टर रे’ही लांब वाटत नाही.

विरोध व राजकारण : १२ मार्च १९७८ रोजी लंडनमध्ये हेन्री काऊ (इंग्लंड), स्टॉर्मी सिक्स (इटली), साम्ला माम्मास मान्ना (स्वीडन), युनिव्हर झेरो (बेल्जियम) आणि एत्रों फू ललूब्लां (फ्रान्स) या पाच वाद्यवृंदांनी ‘रॉक इन ऑपोझिशन’ या नावाने एकत्र मैफल केली. मोठ्या कंपन्यांनी नाकारलेल्या संगीताची ती आघाडी होती. संघटना म्हणून ती अल्पायुषी ठरली, पण हेन्री काऊचे ढोलवादक ख्रिस कटलर यांनी त्याच वर्षी स्थापन केलेल्या रेकमेंडेड रेकॉर्ड्सने वितरणाचे जाळे पुढे टिकवले. प्रागमध्ये मात्र विरोधाची किंमत फार मोठी होती. १९६८ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर लगेचच स्थापन झालेल्या प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स या वाद्यवृंदाच्या सदस्यांवर १९७६ मध्ये खटला भरण्यात आला व त्यांना तुरुंगवास झाला. या खटल्यातून उसळलेल्या संतापाचा ‘चार्टर ७७’ या नागरी हक्कांच्या जाहीरनाम्याला प्रत्यक्ष हातभार लागला. हे संगीत केवळ हौशी कानांसाठी आहे असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यायला हवे.

गोंगाट व सूर मिळवणे : ब्रायन ईनो-निर्मित ‘नो न्यूयॉर्क’ (१९७८) या संकलनात चार वाद्यवृंदांची प्रत्येकी चार गाणी आहेत. ‘नो वेव्ह’ या न्यूयॉर्कमधील प्रवाहाची ओळख बव्हंशी त्यावरच उभी आहे, आणि त्यामुळे बाहेर राहिलेल्यांवर काहीसा अन्यायही झाला. ऱ्हीस चॅटम व ग्लेन ब्रांका यांनी अनेक गिटार एका विशिष्ट पद्धतीने जुळवून त्यांतून निघणारे वरचे नाद हेच रचनेचे द्रव्य केले. ब्रांकांकडे वाजवलेल्या ली रॅनाल्डो व थर्स्टन मूर यांनी तीच दृष्टी सॉनिक यूथमध्ये (स्थापना १९८१) गीतरूपात आणली. प्रत्येक गिटार ठरावीक गाण्यांसाठीच जुळवलेली असे, म्हणून १९९९ मध्ये त्यांची वाद्ये चोरीला गेली तेव्हा काही गाण्यांचा मूळ आवाजच हरवला.

गोंगाट कसा ऐकावा याची कसोटी म्हणजे व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचे गायक व गिटारवादक लू रीड यांची ‘मेटल मशीन म्युझिक’ (१९७५) : चार बाजू, प्रत्येकीवर १६:०१ ही वेळ छापलेली, आणि शेवटच्या बाजूची अखेरची चर बंदिस्त, म्हणजे सुई उचलेपर्यंत आवाज थांबत नाही. कंपनीवर काढलेला राग की गंभीर रचना, हा प्रश्न रीड यांच्या उलटसुलट विधानांमुळे चिघळला. २००२ मध्ये बर्लिन येथे त्साइटक्रात्सर या वाद्यवृंदाने उलरिख क्रीगर यांच्या स्वरलेखनावरून ती पारंपरिक वाद्यांवर वाजवली. जे लिहून काढता येते आणि पुन्हा वाजवता येते त्यात थर आहेत, हे त्यातून उघड झाले. गंभीर रचनेचा पक्ष तेव्हापासून बळावला आहे. शेफेर यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात ध्वनीचा उगम व अर्थ विसरून केवळ त्याचा आकार ऐकण्याची रीत सुचवली होती. येथे ती उपयोगी पडते, मात्र पुरी पडत नाही. रॉकमधला आवाज विजेचा, शरीराचा आणि खोलीचाही असतो, आणि तो पूर्णपणे विसरला तर अर्धे संगीत निसटते. मोठ्या आवाजाचा परिणाम रचनेचा भाग असला, तरी कानांना विश्रांती न देता दीर्घकाळ तसे ऐकणे इजा करते.

याद्या व मध्यस्थ : हे संगीत श्रोत्यांपर्यंत मुख्यतः इतर श्रोत्यांनीच पोहोचवले. ब्रिटनमध्ये जॉन पील यांचे बीबीसीवरील कार्यक्रम (१९६७–२००४) आणि १९८२ पासूनचे ‘द वायर’ हे नियतकालिक ही ठळक नावे. फाउस्ट या जर्मन वाद्यवृंदाची ‘द फाउस्ट टेप्स’ (१९७३) एका छोट्या तबकडीच्या किमतीत विकली गेल्याने, एरवी या वाटेला न जाणाऱ्या अनेकांच्या घरी शीर्षकांविना जोडलेले तुकडे पोहोचले. सर्वांत प्रभावी मार्गदर्शक मात्र एका वेष्टनातला कागद ठरला. नर्स विथ वुंड या ब्रिटिश गटाच्या १९७९ मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेसोबत स्टीव्हन स्टेपलटन व सहकाऱ्यांनी आपल्या आवडत्या २९१ कलावंतांची वर्णानुक्रमी यादी दिली होती, कोणत्याही टीपेशिवाय. पुढची कित्येक वर्षे संग्राहक तीतील नावे एकेक करून शोधत राहिले. स्पष्टीकरण नसणे हेच तिचे सामर्थ्य : प्रत्येकाला आपला क्रम आपणच लावावा लागला.

जपानमध्ये क्योटोचे ले रालिझ देन्युदे (१९६७), गिटारवादक केजी हाइनो आणि ओसाकाचे बोरडम्स (१९८६) यांनी फीडबॅक (ध्वनिवर्धकातला आवाज पुन्हा वाद्यात शिरून होणारा गुंजारव) व तालवाद्ये यांचा विचार स्वतंत्रपणे पुढे नेला. बोरडम्सनी ७ जुलै २००७ रोजी ब्रुकलिनमध्ये ७७ ढोलवादकांना एकत्र बसवले. १९९४ मध्ये सायमन रेनॉल्ड्स यांनी रुळवलेली ‘पोस्ट-रॉक’ (रॉकची वाद्ये रॉकबाह्य हेतूंसाठी वापरणारे संगीत) ही संज्ञा टॉक टॉकच्या ‘स्पिरिट ऑफ ईडन’ (१९८८) सारख्या आधीच्या कृतींनाही मागाहून लावली जाते.

माध्यम व आवृत्त्या : अनेक कृती तबकडीच्या एका बाजूची सुमारे वीस मिनिटांची मर्यादा गृहीत धरून रचलेल्या आहेत. बाजू उलटण्याचा खंड अंकीय आवृत्तीत नाहीसा होतो, आणि बंदिस्त चर तर तेथे शक्यच नसते. उलट फ्लेमिंग लिप्सची ‘झायरिका’ (१९९७) चार सीडींवर विभागलेली असून त्या चार यंत्रांवर एकाच वेळी वाजवायच्या असतात. यंत्रांच्या गतीतील किंचित फरकामुळे प्रत्येक वादन वेगळे होते, आणि ते घडवून आणायला सहसा एकाहून अधिक माणसे लागतात.