लघवीचे कल्चर: नमुना आधी, गोळी नंतर

लघवीला जळजळ, सारखे जावेसे वाटणे, गेले की चार थेंब, ओटीपोटात दुखणे. उन्हाळी लागली म्हणून दोन दिवस धने-जिऱ्याचे पाणी होते. मग मेडिकलमधून मागच्या वेळचीच गोळी येते, आणि तिनेही भागले नाही की डॉक्टर कल्चर (लघवीतले जंतू प्लेटवर वाढवून पाहायची तपासणी) लिहून देतात. आमच्या लॅबच्या काउंटरवर अनेक जणी नेमक्या याच टप्प्याला येतात. तोवर अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस पोटात गेलेले असतात. जंतू अर्धमेले होतात, प्लेटवर वाढत नाहीत, रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो आणि त्रास मात्र चालूच राहतो. म्हणून डॉक्टरांनी गोळी आणि कल्चर दोन्ही लिहिले असेल, तर आधी आमच्याकडे या. गोळी घेऊन झाली असेल तर नाव सांगा, आम्ही फॉर्मवर लिहितो. रागावणार नाही.

बायकांनाच जास्त का?

स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब, पुरुषांचा साधारण २० सेंटिमीटर. शौचाची जागाही जवळच. आतड्यात एरवी निमूट राहणारा ई. कोलाय हा जंतू एवढेसे अंतर सहज कापतो. साध्या मूत्रसंसर्गात बहुतेक वेळा तोच सापडतो. तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही, आणि घरात कोणी ‘स्वच्छता ठेवत नाहीस’ म्हणून बोलत असेल तर हा कागद त्यांनाही वाचायला द्या.

नमुना कसा घ्यायचा

डबी आमच्याकडूनच न्या. चटणीची बरणी किंवा औषधाची बाटली कितीही उकळून आणली तरी कल्चरला चालत नाही. शक्यतो सकाळची पहिली लघवी द्या. आधी हात साबणाने धुवा, जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुऊन पुसून घ्या. डबी उघडल्यावर झाकण उताणे ठेवा आणि आतल्या बाजूला बोट लावू नका. सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली डबीत धरायची, शेवटची पुन्हा सोडून द्यायची. अर्धी डबी पुरे. पाळी चालू असेल तर आधी सांगा.

डबी तासाभरात पोचवा. ते जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नव्हे) आणि त्याच दिवशी आणा. उन्हात स्कूटरच्या डिकीत दोन तास राहिलेल्या डबीत जंतू भराभर वाढतात आणि नसलेला संसर्ग रिपोर्टात दिसू लागतो.

दोन दिवस का लागतात?

एका बारीक तारेच्या कडीने लघवीचा एक मिलिलिटरचा हजारावा भाग प्लेटवर पसरवतो आणि प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवतो. सकाळी ठिपके मोजतो. शंभराच्या वर ठिपके म्हणजे मिलिलिटरमागे १ लाखाहून जास्त जंतू. ई. कोलायचे ठिपके आमच्या प्लेटवर पिवळे दिसतात. मग त्याच जंतूवर वेगवेगळी औषधे लावून पाहायला आणखी एक रात्र जाते. घाई केली तर हाच भाग सुटेल, आणि कल्चर करायचे ते मुळात त्याच्यासाठी.

रिपोर्टात ‘एस’ म्हणजे औषध लागू पडते, ‘आर’ म्हणजे पडत नाही. ‘एस’च्या यादीतले पहिले नाव वाचून परस्पर गोळी आणू नका, वय, किडनी, गरोदरपण पाहून डॉक्टर ठरवतील. ‘मिक्स्ड ग्रोथ’ आले तर बहुधा नमुन्यात त्वचेवरचे जंतू मिसळले असतात, तो पुन्हा द्यावा लागतो.

पाणी

वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांवरची एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. रोज दीड लिटर पाणी जास्त पिणाऱ्यांना वर्षभरात निम्म्याच्या आसपासच त्रास झाला. पण शाळेत, एसटीत, बाजारात धड स्वच्छतागृहच नसेल तर बाई पाणी पिणार कशी? मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली ती याचसाठी. तूर्त, जिथे सोय मिळेल तिथे लघवी तुंबवून ठेवू नका.

रिपोर्टची वाट पाहू नका

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलट्या, लघवीतून रक्त, यांतले काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. संसर्ग किडनीपर्यंत गेलेला असू शकतो. गरोदर असाल किंवा मधुमेह असेल तर साध्या जळजळीसाठीही थांबू नका. गरोदरपणात काहीच त्रास नसतानाही कल्चरमध्ये जंतू सापडले तर उपचार लागतो.

एरवी औषधाचा कोर्स संपला आणि त्रास थांबला, तर नुसत्या खात्रीसाठी पुन्हा कल्चर करायची बहुधा गरज नसते. डॉक्टरांनी सांगितले असेल तरच या.