कुणी न बोलावलेलं फंक्शन

२०२० साली क्लँग या कंपायलरने (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बांधणाऱ्यांपुढे एक चक्रावून टाकणारी एरर आली. 'एसटीपीसीपीवाय' हे फंक्शन सापडत नाही, अशी कोडचे तयार तुकडे जोडणाऱ्या लिंकरची तक्रार होती. पण ज्या कोडवर ही एरर येत होती, त्यात या फंक्शनला कुणी बोलावलंच नव्हतं!

ते घुसवलं होतं खुद्द कंपायलरने. ठरावीक साच्यात मजकूर तयार करणारं 'एसप्रिंटएफ', जिथं नुसता मजकूर दुसरीकडे उतरवायचा असतो तिथं, या वेगवान फंक्शनने बदलता येतं, हे त्याने ओळखलं आणि बदल करून टाकला. साध्या प्रोग्रॅममध्ये हे बिनधोक चालतं, कारण सी भाषेची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, पाठीशी असते. कर्नलच्या पाठीशी ती नसते. मजकूर हाताळणारी साधी फंक्शनंसुद्धा त्याला स्वतःची बाळगावी लागतात. शेवटी ते फंक्शन कर्नलमध्ये लिहूनच टाकलं. २०१९ मध्ये 'बीसीएमपी' या फंक्शनच्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं.

लिनक्स सी भाषेत लिहिलेला आहे, हे मला अर्धंच खरं वाटतं. १९९१ पासून तो वाढला जीसीसी या कंपायलरच्या अंगाखांद्यावर. जीसीसीने प्रमाण सीमध्ये स्वतःच्या कितीतरी सोयी जोडल्या आणि कर्नलने त्या मुक्तपणे वापरल्या. त्यामुळे कर्नलची खरी भाषा म्हणजे सीची जीसीसी बोली. मागून आलेल्या क्लँगला ती शिकावी लागली.

'एएसएम गोटो' ही त्यातलीच सोय: असेंब्लीच्या (प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या) तुकड्यातून थेट सीमधल्या लेबलवर, म्हणजे कोडमधल्या नाव दिलेल्या जागेवर, उडी. २०१८ मध्ये एक्स८६ (इंटेल-एएमडी घराण्याच्या) प्रोसेसरांसाठी ती सक्तीची झाली आणि बीपीएफची, म्हणजे कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीची, साधनं अडली. कर्नल जीसीसीने बांधलेला असला तरी ही साधनं क्लँगने बांधली जायची आणि कर्नलच्याच हेडर फाइल (सामायिक व्याख्यांच्या फाइल) वाचायची. २०१९ च्या क्लँग ९ मध्ये ही सोय येईपर्यंत मलमपट्टीवर भागवावं लागलं.

एका बाबतीत मात्र क्लँगने साफ नकार दिला. स्ट्रक्चरच्या (एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्याच्या) आत, चालू प्रोग्रॅममध्ये लांबी ठरणारा ॲरे, म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांची रांग, त्याने कधीच स्वीकारला नाही. वाकावं लागलं ते कर्नलला, आणि ते बरंच झालं. ६४-बिट एक्स८६ वर कर्नलच्या एका थ्रेडला (कामाच्या एका धाग्याला) जेमतेम १६ केबी स्टॅक, म्हणजे तात्पुरत्या गोष्टी ठेवायची मेमरी, मिळतो. तिथं आकार आधी ठाऊक नसलेली वस्तू ठेवणं धोक्याचंच. डिसेंबर २०१८ च्या ४.२० आवृत्तीपर्यंत चालू प्रोग्रॅममध्ये लांबी ठरणारे सगळेच ॲरे, स्ट्रक्चरबाहेरचेसुद्धा, कर्नलमधून हद्दपार झाले.

स्वतः एखादं कर्नल मॉड्यूल (कर्नलला मागून जोडता येणारा भाग) बांधणार असाल, तर आधी '/प्रॉक/व्हर्जन' (/proc/version) ही फाइल उघडून बघा. तुमचा कर्नल कोणत्या कंपायलरने बांधलाय, हे तिथं लिहिलेलं असतं. शक्यतो तोच कंपायलर वापरा.